प्रेषिताचे चरित्र : साक्ष कोणाची?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या नॉव्हू या गावी, १८४४ च्या एप्रिलमध्ये जोसेफ स्मिथ आपल्या हजारो अनुयायांसमोर प्रवचन करत होता. निमित्त एका सहकाऱ्याच्या मृत्यूचे होते आणि विषय देवाच्या स्वरूपाचा. शेवटाकडे येताना तो स्वतःविषयी बोलू लागला. त्याच्या बोलण्याचा आशय असा, की माझी हकिकत कोणालाच ठाऊक नाही. ती ज्याला खरी वाटत नाही त्याला मी दोष देत नाही, कारण ते अनुभव माझ्या वाट्याला आले नसते तर मीही त्यांवर विश्वास ठेवला नसता. यानंतर तीन महिनेही उलटले नाहीत, तोच २७ जून रोजी कार्थेजच्या तुरुंगात घुसलेल्या जमावाने त्याला गोळ्या घालून ठार केले. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

एखाद्या धर्मसंस्थापकाने आपल्या भावी चरित्रकारांना इतके उघड आव्हान दिल्याचे उदाहरण मला दुसरे माहीत नाही. त्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांत हे आव्हान अनेकांनी स्वीकारले. त्याच्या आईने स्वीकारले, शत्रूंनी स्वीकारले, पंथाच्या कारकुनांनी, पंथातून बाहेर काढलेल्या लेखिकेने आणि पंथात राहिलेल्या प्राध्यापकानेही स्वीकारले. या चरित्रांकडे पाहताना सहसा एकच प्रश्न विचारला जातो : लेखक श्रद्धावान आहे की नाही? श्रद्धावान असेल तर तो स्तोत्र लिहिणार आणि नसेल तर भांडाफोड करणार, असे आपण धरून चालतो. मराठीतही महाराज, बाबा आणि पंथप्रवर्तक यांच्याविषयीचे बहुतेक लेखन या दोन खणांत सहज बसते. पण जोसेफ स्मिथच्या चरित्रांचा इतिहास नीट पाहिला तर ही विभागणी फारशी उपयोगाची नाही असे दिसते. चरित्रकार काय मानतो यापेक्षा तो साक्षीदारांशी कसा वागतो, यावर अशा चरित्राचे मोल ठरते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे.

१

चरित्रनायकाची ओळख थोडक्यात करून देणे आवश्यक आहे. जोसेफ स्मिथचा जन्म २३ डिसेंबर १८०५ रोजी व्हर्मॉन्ट राज्यातल्या एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. हे कुटुंब पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावाजवळ आले. देवदूताने दाखवलेल्या टेकडीत आपल्याला सोन्याचे कोरलेले पत्रे सापडले आणि दैवी साहाय्याने आपण त्यांचे भाषांतर केले, असे त्याने सांगितले. ते भाषांतर म्हणजे १८३० मध्ये छापले गेलेले ‘बुक ऑफ मॉर्मन’. त्याच वर्षी ६ एप्रिलला त्याने नवे चर्च स्थापन केले. पुढची चौदा वर्षे सतत स्थलांतराची गेली. ओहायोतल्या कर्टलंडमध्ये मंदिर उभे राहिले आणि काढलेली बँक बुडाली. मिसूरीत शेजाऱ्यांशी सशस्त्र संघर्ष झाला. १८३८ मध्ये तिथल्या राज्यपालाने मॉर्मन लोकांना हाकलून द्यावे किंवा नष्ट करावे असा हुकूमच काढला. मग नॉव्हू वसले. तिथे तो एकाच वेळी प्रेषित, महापौर आणि स्थानिक सैन्याचा सेनापती होता. गुप्तपणे त्याने बहुपत्नीत्वही सुरू केले. या गोष्टींना वाचा फोडणाऱ्या एका वृत्तपत्राचा छापखाना महापौर म्हणून त्याने उद्ध्वस्त करवला. त्यातून अटक झाली आणि अटकेतून मृत्यू आला. त्याने स्थापलेल्या पंथाच्या मुख्य शाखेचे सभासद, तिच्या स्वतःच्या मोजणीनुसार, आज दीड कोटीहून अधिक आहेत.

म्हणजे हा संस्थापक पुराणकाळातला नाही. तो छापखाने, न्यायालये, वर्तमानपत्रे आणि टपालखाते यांच्या काळातला आहे. त्याच्याविषयी कागद भरपूर आहेत. म्हणूनच त्याचे उदाहरण उद्बोधक ठरते. कागद नसल्यामुळे येणाऱ्या अडचणी आपल्याला परिचित आहेत. कागदांचा ढीग असूनही अडचण तशीच कशी राहते, ते इथे पाहायला मिळते.

२

पहिली अडचण त्याच्या स्वतःच्या शब्दांचीच आहे. १८३८ मध्ये स्मिथने आपला आणि पंथाचा इतिहास लेखनिकांना सांगायला सुरुवात केली. हा इतिहास प्रथमपुरुषी आहे. वाचताना स्मिथ स्वतः बोलतो आहे असे वाटते, आणि पिढ्यान्‌पिढ्या अनुयायांनी तो तसाच वाचला. प्रत्यक्षात त्याच्या मृत्यूपर्यंत हे काम १८३८ सालापर्यंतच्या घटनांशीच पोहोचले होते. उरलेला भाग लेखनिकांनी आणि पंथाच्या इतिहासकारांनी १८५६ पर्यंत पूर्ण केला. त्यासाठी त्यांनी सहकाऱ्यांच्या रोजनिशा वापरल्या. ‘जोसेफ म्हणाला’ असे जिथे होते तिथे ‘मी म्हणालो’ असे केले. यात फसवणुकीचा हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. त्या काळच्या संपादनपद्धतीत हे बसत होते. आपल्याकडेही संतांच्या मुद्रेखाली भक्तांनी रचलेले अभंग गाथ्यांत आहेतच. पण चरित्रकाराला याचा फटका बसतो. ज्या वाक्यावरून तो नायकाचा स्वभाव पारखू पाहतो, ते वाक्य एखाद्या लेखनिकाचे निघते. सर्वनाम बदलले की साक्षीदारही नाहीसा होतो.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. मुलाच्या खुनानंतर त्याची आई ल्यूसी मॅक स्मिथ हिने १८४४-४५ च्या हिवाळ्यात आपल्या आठवणी सांगून लिहवून घेतल्या. त्याच हिंसेत तिचा आणखी एक मुलगा, हायरम, मारला गेला होता आणि तिसरा काही आठवड्यांतच आजाराने गेला. या आठवणी प्रेषिताच्या जितक्या आहेत तितक्याच एका कर्जबाजारी, जिद्दी, स्वप्ने पाहणाऱ्या कुटुंबाच्या आहेत. पीक बुडणे, शेत हातचे जाणे, मुलाच्या पायाच्या हाडावरची शस्त्रक्रिया असे घरातले प्रसंग त्यांत जागोजागी येतात. १८५३ मध्ये हे पुस्तक लिव्हरपूलला छापले गेले. १८६५ मध्ये स्मिथचा उत्तराधिकारी ब्रिगहॅम यंग याने ते चुकांनी भरलेले आहे असे जाहीर करून त्याच्या प्रती परत मागवल्या आणि नष्ट करायला सांगितल्या. पुस्तकात चुका होत्या हे खरे. पण त्यात संस्थापकाच्या घराण्याला मोठे स्थान होते, आणि पंथाची सूत्रे घराण्याकडे जावीत की यंग यांच्याकडे राहावीत हा वाद त्या वेळी जिवंत होता, हेही तितकेच खरे. संस्थापकाच्या पहिल्या चरित्रावर अशा तऱ्हेने गदा आली ती पंथाकडूनच. हे चरित्र लिहिणारी त्याची जन्मदात्री होती आणि तिची श्रद्धा शेवटपर्यंत अढळ होती. श्रद्धावान लेखकाला धोका नसतो, हा आपला समज इथेच ढासळतो.

३

आता एकच प्रसंग घेऊन वेगवेगळ्या चरित्रकारांनी तो कसा हाताळला ते पाहू. तरुण जोसेफ गुप्तधन शोधून देत असे. एक विशिष्ट खडा टोपीत ठेवायचा, टोपीत तोंड खुपसून अंधार करायचा आणि जमिनीखाली काय आहे ते ‘पाहायचे’, अशी ती पद्धत होती. १८२५ मध्ये जोसाया स्टोवेल नावाच्या शेतकऱ्याने त्याला एका जुन्या चांदीच्या खाणीच्या शोधासाठी कामावर ठेवले. १८२६ मध्ये बेनब्रिज इथे या उद्योगावरून त्याला न्यायाधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागले. मराठी वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घालून पुरलेले हंडे शोधण्याच्या गोष्टी आपल्या गावागावांत सांगितल्या जातात.

विरोधकांनी हा मुद्दा लगेच उचलला. १८३४ मध्येच ई. डी. होव याने मॉर्मनपंथाविरुद्ध पुस्तक छापले आणि त्यात पाल्मायराच्या शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे दिली. ही प्रतिज्ञापत्रे गोळा करणारा माणूस पंथातून काढून टाकलेला होता आणि स्मिथशी त्याचे वैर होते. पंथाच्या समर्थकांनी मग सगळेच नाकारले. शेजारी खोटारडे आणि १८२६ चा खटला बनावट, अशी त्यांची भूमिका दीर्घकाळ होती.

१९४५ मध्ये फॉन ब्रोडी यांचे ‘नो मॅन नोज माय हिस्टरी’ प्रसिद्ध झाले. स्मिथच्या त्या प्रवचनातूनच त्यांनी शीर्षक घेतले होते. ब्रोडी यूटातल्या एका प्रतिष्ठित मॉर्मन घरात वाढल्या. त्यांचे काका डेव्हिड मॅके पंथाच्या सर्वोच्च मंडळात होते आणि पुढे पंथाचे अध्यक्ष झाले. ब्रोडींनी खटल्याची नोंद विश्वसनीय मानली आणि तिच्यावर आपल्या चरित्राचा पाया घातला. त्यांच्या मते हा कल्पक, बोलघेवडा, प्रेमळ तरुण आधी जाणूनबुजून बतावणी करत होता. ‘बुक ऑफ मॉर्मन’ ही त्याची कादंबरीच होती. पुढे लोकांचा विश्वास बघता बघता त्याला स्वतःलाही आपले प्रेषितपण खरे वाटू लागले. पुस्तक निघाल्यावर पुढच्याच वर्षी ब्रोडींना पंथातून बहिष्कृत करण्यात आले. ह्यू निब्ली या पंथातल्या विद्वानाने त्यांच्याविरुद्ध लिहिलेल्या पुस्तिकेच्या शीर्षकातच, ‘बाई, हा इतिहास नव्हे’, असा फटका होता.

१९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शेनँगो परगण्याच्या तुरुंगाच्या तळघरात जुने कागद सापडले. त्यांत १८२६ च्या त्या न्यायाधिकाऱ्याचे खर्चाचे बिल होते. त्यावर जोसेफ स्मिथचे नाव होते, ‘काचेत पाहणारा’ असा त्याचा उल्लेख होता आणि रक्कम होती २ डॉलर ६८ सेंट. खटला झालाच नव्हता असे म्हणण्याची सोय त्या दिवशी संपली. ब्रोडींचा भरवसा योग्य ठरला.

पण खटला झाला होता हे सिद्ध झाले म्हणजे तो लबाड होता हे सिद्ध होते का? इथे रिचर्ड बुशमन यांचे काम महत्त्वाचे ठरते. बुशमन कोलंबिया विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते आणि पंथाचे श्रद्धावान सभासद आहेत. २००५ मध्ये, स्मिथच्या जन्माला दोनशे वर्षे होत असताना, त्यांचे ‘जोसेफ स्मिथ : रफ स्टोन रोलिंग’ हे चरित्र आले. बुशमन गुप्तधन नाकारत नाहीत. ते विचारतात, की त्या काळच्या त्या प्रदेशात हे करणारा माणूस शेजाऱ्यांना कसा दिसत असे? त्यांचे उत्तर असे : खडे, मंत्र, पुरलेल्या धनाचे रक्षक आत्मे आणि बायबल हे सगळे गरीब शेतकऱ्यांच्या एकाच मनात सुखाने नांदत होते. ज्या शेजाऱ्यांनी पुढे त्याला ठग म्हटले, त्यांतले काही स्वतःच कुदळ घेऊन खणायला गेले होते. ब्रोडींना जिथे फसवणूक दिसली तिथे बुशमन यांना संस्कृती दिसली, आणि या एका प्रसंगापुरता बुशमन यांचा अर्थ मला अधिक पटतो. पण ब्रोडींनी तो कागद खरा मानण्याचे धैर्य दाखवले नसते, तर बुशमन यांना त्याचा अर्थ लावण्याची वेळच आली नसती, हे विसरता येत नाही.

४

ब्रोडींच्या पुस्तकाचे बळ त्यांच्या गद्यात आहे. त्यांचा जोसेफ हसतो, कुस्ती खेळतो, घाबरतो, बढाया मारतो. प्रेषिताला देह असतो हे त्यांनी पहिल्यांदा दाखवले. पण याच गुणाच्या पाठीमागे त्यांचा दोषही आहे. जोसेफ मनात काय म्हणत होता हे त्या खात्रीने सांगतात. जिथे पुरावा संपतो तिथे त्यांची वाक्ये अधिक ठाम होतात. १९७१ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी मनोविश्लेषणाचा आधार घेतला, तेव्हा हा दोष आणखी उघडा पडला.

वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी रानात प्रार्थना करताना जोसेफला झालेला साक्षात्कार पंथाच्या मुळाशी आहे. १९४५ मध्ये ब्रोडींनी त्या काळचे उल्लेख सापडत नाहीत असे दाखवून, ही कथा पुढे गरज पडल्यावर रचली गेली असावी असा तर्क केला. पण १८३२ मध्ये स्मिथने या अनुभवाचा एक वृत्तान्त लिहिला होता. तो पंथाच्याच दप्तरात पडून होता आणि १९६५ पर्यंत छापला गेला नाही. या वृत्तान्तात पश्चात्ताप करणारा एक तरुण आहे आणि त्याला पापांची क्षमा करणारा प्रभू. १८३८ च्या अधिकृत वृत्तान्तात मात्र पिता आणि पुत्र असे दोघे प्रकट होतात, आणि सगळे पंथ चुकीचे आहेत हा निर्णय केंद्रस्थानी येतो. ‘गरज पडल्यावर रचले’ हा ब्रोडींचा तर्क या कागदाने लंगडा झाला. पण ‘पहिल्यापासून कथा एकच होती’ हा पंथाचा दावाही त्याच कागदाने लंगडा झाला. दप्तर बंद ठेवल्याने दोन्ही बाजूंचे नुकसान झाले. टीकाकार मौनावरून अनुमान काढत राहिले आणि भक्तांना आपल्या प्रेषिताचा सर्वांत हळवा मजकूर वाचायला मिळाला नाही.

बुशमन यांचा दोष उलट बाजूचा आहे. ते सोन्याच्या पत्र्यांविषयी लिहिताना ‘कथित’ हा शब्द वापरत नाहीत. अनुयायांना जे दिसले ते अनुयायांच्या भाषेत सांगायचे, ही त्यांची पद्धत. तिच्यामुळे एक गोष्ट साध्य होते, ती म्हणजे हजारो लोक घरदार विकून या माणसामागे का गेले ते समजते. निव्वळ भांडाफोड करणारे चरित्र इथे हमखास फसते. ठगाचे कसब ते सांगते, पण ज्यांनी आयुष्ये पणाला लावली त्यांना मूर्ख ठरवून मोकळे होते. मात्र ज्यांना तो प्रेषित म्हणून पाहता येईना त्यांच्या डोळ्यांना बुशमन यांच्या पुस्तकात तितकी जागा नाही. कर्टलंडची बँक बुडाल्यावर पैसे गमावलेला माणूस, किंवा छापखाना फोडला गेला ते संपादक, येतात आणि लवकर निघून जातात. बुशमन यांनी या पुस्तकाच्या स्वागताच्या काळातली आपली रोजनिशीही प्रसिद्ध केली आहे. पंथातल्या अनेकांना पुस्तक अस्वस्थ करणारे वाटले आणि बाहेरच्यांना मवाळ, हा अनुभव तिच्यात दिसतो.

५

या साऱ्या वादाचा सर्वांत कठीण भाग स्त्रियांचा आहे, आणि इथेच साक्षीचा प्रश्न सर्वांत स्पष्ट होतो.

एमा ही स्मिथची पहिली पत्नी. १८२७ मध्ये तिने वडिलांच्या इच्छेविरुद्ध त्याच्याशी लग्न केले. ‘बुक ऑफ मॉर्मन’चा काही भाग तिने लिहून घेतला. नव्या घरांतून हाकलले जाताना मुले घेऊन ती सोबत चालली. नॉव्हूत त्याने गुप्तपणे इतर स्त्रियांशी विवाह केले. बहुपत्नीत्वाचे ‘दैवी वचन’ १८४३ च्या जुलैमध्ये लिहवून घेतले गेले आणि त्यात एमाला नाव घेऊन धाक घातलेला आहे. स्मिथच्या मृत्यूनंतर एमा यूटाला गेली नाही. तिच्या थोरल्या मुलाने १८६० मध्ये वेगळ्या शाखेचे नेतृत्व स्वीकारले. १८७९ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, त्याच मुलाच्या प्रश्नांना उत्तर देताना तिने सांगितले, की माझ्या नवऱ्याला दुसरी बायको कधीच नव्हती.

यातून एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. मुलाची शाखा म्हणत होती, बहुपत्नीत्व ही ब्रिगहॅम यंगची करणी. संस्थापक त्यापासून मुक्त होता. यूटाची शाखा तेव्हा उघडपणे बहुपत्नीत्व पाळत होती आणि ते संस्थापकाकडूनच आले हे तिला सिद्ध करायचे होते. म्हणून १८६९ च्या सुमारास यूटातल्या पुढाऱ्यांनी स्मिथच्या हयात असलेल्या विधवांकडून शपथपत्रे घेतली. १८९० मध्ये यूटाच्या पंथाने नवी बहुपत्नी लग्ने थांबवली आणि विसाव्या शतकात त्याला हा भूतकाळ अडचणीचा वाटू लागला. तोपर्यंत प्रेषिताच्या बहुपत्नीत्वाचा सर्वांत भक्कम पुरावा त्याच्याच दप्तरात जमा झाला होता, आणि तो त्यानेच जमवला होता. साधने तटस्थपणे साठत नाहीत. ती भांडणांतून निर्माण होतात. चरित्रकाराने प्रत्येक कागदाला विचारले पाहिजे, की तू कोणत्या भांडणात जन्मलास?

ब्रोडींनी पुस्तकाच्या परिशिष्टात ४८ पत्नींची यादी दिली, तेव्हा मोठा गहजब झाला. टॉड कॉम्प्टन यांनी १९९७ च्या ‘इन सेक्रेड लोनलीनेस’मध्ये प्रत्येकीचा स्वतंत्र शोध घेऊन ३३ ही संख्या मांडली. २०१४ मध्ये पंथाने स्वतःच ही संख्या ३० ते ४० च्या दरम्यान असल्याचे आणि सर्वांत लहान पत्नी पंधरा वर्षांचीही पुरी झालेली नव्हती हे मान्य केले. मुद्दा आकड्याचा नाही. ब्रोडींच्या यादीत या स्त्रिया नायकाच्या स्वभावाचा पुरावा म्हणून येतात. कॉम्प्टन यांच्या पुस्तकात त्या स्वतःची आयुष्ये घेऊन येतात. त्यांची आधीची लग्ने, यूटाचा प्रवास, म्हातारपण आणि एकटेपण हे सगळे आपल्याला कळते. लिंडा किंग न्यूएल आणि व्हॅलीन टिपेट्स एव्हरी यांनी १९८४ मध्ये एमाचे चरित्र लिहिले, तेव्हाही हेच घडले. संस्थापक मधून थोडा बाजूला सरकला आणि अधिक नीट दिसू लागला. त्या दोघींना पुढे काही महिने पंथाच्या सभांमध्ये या विषयावर बोलण्यास मनाई करण्यात आली होती.

एमाचा १८७९ चा जबाब खोटा मानायचा का? विधवांची शपथपत्रे पाहता तो वस्तुस्थितीला धरून नाही. पण चरित्रकाराने त्यावर ‘असत्य’ असा शिक्का मारून पुढे जाऊ नये. नवऱ्याचे नाव, मुलांची प्रतिष्ठा आणि स्वतःच्या अपमानाचे न बोललेले दुःख हे सगळे त्या नकारात आहे. साक्ष चुकीची असली तरी ती साक्षच असते. ती कशाची साक्ष आहे हे ओळखावे लागते.

ब्रोडींच्या बाबतीत नियतीने एक न्याय केला. विवाहित अनुयायिनींची काही मुले स्मिथची असावीत असा त्यांचा कयास होता. त्यांतल्या एकाच्या छायाचित्रातला चेहराही त्यांनी पुरावा म्हणून पुढे केला. अलीकडच्या डीएनए चाचण्यांत तो मुलगा स्मिथचा नसल्याचे निष्पन्न झाले. याच ब्रोडींनी १९७४ मध्ये थॉमस जेफरसनच्या चरित्रात, गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज हिच्यापासून त्याला मुले झाली असे लिहिले, तेव्हा नामवंत इतिहासकारांनी त्यांची टर उडवली. १९९८ मध्ये डीएनएचा पुरावा त्यांच्या बाजूने झुकला. पद्धत तीच, धाडस तेच. एकदा कयास चुकला, एकदा बरोबर आला. हेमिंग्ज घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी आठवण ब्रोडींनी साक्ष म्हणून मानली होती. चेहऱ्याच्या साम्याला तसा कोणी साक्षीदार नव्हता.

कागदाची भूक किती घातक असते याचाही धडा या इतिहासात आहे. १९८० च्या दशकात मार्क हॉफमन नावाच्या विक्रेत्याने मॉर्मन इतिहासाचे एकाहून एक सनसनाटी दस्तऐवज बाजारात आणले. त्यांतल्या एका पत्रात देवदूताच्या जागी पांढरा सरडेवजा प्राणी होता. पंथाचे अधिकारी आणि अभ्यासक दोघेही फसले. पितळ उघडे पडण्याच्या भीतीने हॉफमनने १९८५ मध्ये बॉम्बस्फोट घडवले आणि त्यांत दोघांचा जीव गेला. कागद बनावट होते. पंथ काहीतरी दडवतो आहे या समजुतीमुळेच ते खपले.

६

मराठीत या प्रश्नाला जुनी परंपरा आहे. आपल्या भाषेतला आद्य मानला जाणारा गद्य ग्रंथच एका पंथसंस्थापकाचे चरित्र आहे. ‘लीळाचरित्र’ सिद्ध करणारे म्हाइंभट हे मुळात चक्रधरांशी वाद करायला आलेले पंडित होते, आणि नंतर शिष्य झाले. तेराव्या शतकात त्यांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिले त्यांच्याकडे जाऊन आठवणी मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. मूळ प्रत पुढे धाडीत गेली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. म्हणून आज अनेक पाठ आहेत, आणि अमक्याची आठवण अशी, तमक्याची तशी, असे भेद त्या पाठांत नोंदवलेले आढळतात. भेद पुसून एकच सुबक कथा करावी असे त्या भक्तांना वाटले नाही. चक्रधर त्यांच्या दृष्टीने ईश्वराचा अवतार होते. म्हणूनच त्यांच्याविषयीची एकही आठवण गमावण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्यांनी मानले असावे. श्रद्धेतून चिकित्सा निपजते, ती अशी. याच ग्रंथाची वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आवृत्ती १९७८ मध्ये आली, तेव्हा तिच्यावर पंथातून तीव्र आक्षेप घेतले गेले, हीदेखील आपल्या परंपरेचीच दुसरी बाजू.

दुसरे नाव धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातून बुद्धाच्या शोधात निघालेल्या या माणसाने भिक्षुदीक्षा घेतली होती आणि बुद्धावर त्यांचे निस्सीम प्रेम होते. तरीही ‘भगवान बुद्ध’ लिहिताना त्यांनी म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही लाडकी कथा बाजूला ठेवली. ती पाली साहित्यात विपश्यी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची आहे हे दाखवले आणि आपसांत झगडणारी माणसे पाहून आलेल्या उद्वेगाचे बुद्धाच्याच तोंडचे वचन पुढे ठेवले. त्या काळच्या बौद्ध आणि जैन श्रमणांच्या मांसाहाराविषयी त्यांनी जे लिहिले, त्यावर जैन समाजातून मोठा निषेध झाला. कोसंबी पाली ग्रंथांतल्या साक्षीपाशी थांबले. त्यांच्या लेखनातला बुद्ध कथांच्या अलंकारांशिवाय उभा राहतो आणि लहान होत नाही.

म्हाइंभट श्रद्धावान, कोसंबी श्रद्धावान, बुशमन श्रद्धावान, ल्यूसी स्मिथ तर आईच. ब्रोडी मात्र श्रद्धा गमावलेल्या. या पाचांत सरस कोण हे श्रद्धेच्या मापाने ठरवता येत नाही. त्यांनी कोणाचे बोलणे ऐकले, कोणाचे मधेच तोडले आणि दोन साक्षी जुळल्या नाहीत तेव्हा काय केले, हे पाहावे लागते. आज मराठीत एखाद्या पंथप्रवर्तकाचे चरित्र लिहू पाहणाऱ्याला दोन बाजूंची भीती असते. एका बाजूला भावना दुखावल्याचा आरोप आणि दुसऱ्या बाजूला ‘भक्त’ म्हणून हिणवले जाणे. त्यामुळे बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि ज्यांनी त्या माणसाला पाहिले ती पिढी आठवणी घेऊन निघून जाते. खरे नुकसान हे आहे. निर्णय पन्नास वर्षांनी करता येईल. साक्ष तेव्हा मिळणार नाही.

शेवटी पुन्हा ल्यूसीच्या पुस्तकाकडे वळतो. २००१ मध्ये त्याची चिकित्सक आवृत्ती निघाली. संपादिका होत्या लॅव्हिना फील्डिंग अँडरसन. १९९३ मध्ये पंथाने ज्या लेखकांवर आणि अभ्यासकांवर कारवाई केली त्यांत त्या होत्या. त्यांना बहिष्कृत करण्यात आले होते. तरीही त्या दर रविवारी चर्चला जात राहिल्या. त्यांनी आपल्या आवृत्तीत म्हाताऱ्या आईने सांगितलेला १८४४-४५ चा कच्चा मसुदा आणि १८५३ चा छापील मजकूर शेजारी शेजारी ठेवला. कोणता खरा, हे त्यांनी वाचकावर लादले नाही. एका ओळीत आई बोलते, शेजारच्या ओळीत संपादकाने तिचे बोलणे सावरलेले दिसते आणि मधल्या कोऱ्या पट्टीवर वाचक थांबतो.